तानकाट्याची चूक

प्रात्यक्षिक परीक्षेच्या तिसऱ्या दुपारी, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि एकतीस वह्यांमधली एक बाजूला सारली.

"तीस जणींचं उत्तर एकच. तीन न्यूटन आणि दोन पूर्णांक चार. ही एकटीच दीडशहाणी. हिला नक्कलसुद्धा धड करता येत नाही का हो?"

प्रयोगशाळेचा सहायक म्हणून मी कोपऱ्यात वजने पुसत होतो. प्रयोग साधा होता. लाकडी ठोकळ्याला स्प्रिंगचा तानकाटा अडकवून तो टेबलावर ओढायचा. ठोकळा हलण्याच्या क्षणी घर्षण किती आणि सरकताना किती, ते वाचायचे. जागचा हलवायला बळ जास्त लागते, एकदा हलला की कमी पुरते. माझ्या बाबतीत या नियमाचा पहिला अर्धाच भाग अनुभवाला आला होता.

मुलीला बोलावण्यात आले.

"सर, मी पाच वेळा ओढला. दर वेळी तीन पूर्णांक चारच आलं. सरकताना दोन पूर्णांक आठ."

"मग बाकीच्या काय आंधळ्या?"

"त्यांनी ओढलाच नाही, सर."

"तोंड मात्र बरं चालतं."

त्यांनी लाल पेन उचलले. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे तिचे वर्ष बुडाले.

त्या तीस जणींचे आकडे माझे होते. नऊ वर्षांपूर्वी, विद्यार्थी असताना, याच टेबलावर मी ते मोजले होते. माझी नीटनेटकी वही हातोहात पुढच्या वर्गांत गेली आणि तिची पोथी झाली. दरम्यान काट्याची स्प्रिंग ताणून सैल पडली. मला ते ठाऊक होते. कुणी मोजतच नाही, तर कुणाला सांगायचे, असे म्हणून मी गप्प राहिलो होतो.

"सर, जरा बघता का?" फडके ठेवून मी जागचा हललो.

रिकामा तानकाटा मी खिळ्याला टांगला. काहीही अडकवलेले नसताना त्याचा दर्शक अर्ध्या न्यूटनवर उभा होता.

"हे कधीपासून?"

"दोन-तीन वर्षं झाली असतील."

"आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात?"

"हो."

त्यांनी मुलीच्या आकड्यांतून तो अर्धा वजा केला. दोन पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक तीन. मग तिच्या वहीवर गुण मांडले. "पास. शून्य न तपासल्याबद्दल एक गुण कापलाय." वह्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे ढकलला. "या काट्यावर तीन येईलच कसं? बाकीच्यांना परत बोलवा. एकेकीला माझ्यासमोर ओढू दे. माझी शेवटची बस गेली, समजा."

दाराशी मुलगी थांबली.

"दादा, सकाळीच सांगितलं असतंत, तर माझा एक गुण वाचला असता."

व्हरांड्यात तीस जणी दप्तरे आवरून उभ्या होत्या. मी त्यांना आत बोलावले, आणि संध्याकाळपर्यंत कुणाकडेही मान वर करून पाहिले नाही.