वरचं सिंहासन, खालची सतरंजी

मी घोडेगावजवळच्या एका चर्चची सतरंजी बोलतेय. रागानं बोलतेय, हे आधीच सांगते. जमिनीवर पसरून राहणाऱ्याला राग येत नाही, असं तुम्हा माणसांना वाटतं. येतो, चांगलाच येतो.

नगरच्या मागावर माझे निळे-तांबडे पट्टे विणले गेले. मला आणलं ते इथल्या बायकांनी. दळण करायला घेतलं की आधी एक मूठ बाजरी देवाच्या डब्यात टाकायची, ही त्यांची रीत. तरणीताठी रंगुबाई घरोघर फिरून ती बाजरी गोळा करायची. ती विकून आलेल्या पैशांतून मी आले. म्हणून माझ्यावर बसण्याचा मान बायकांना, आणि खुर्च्यांचा मान चर्चच्या कमिटीला! आहे की नाही न्याय?

शनिवारी रंगुबाई मला अंगणात झटकायची, रविवारी अंथरायची. माझ्यावर बसून तिनं किती पाळकांची प्रवचनं ऐकली! विश्वासू राहणाऱ्याला प्रभू सार्वकालिक प्रतिफळ देतो, हे तिला मनापासून पटलेलं. नवरा गेला, कर्ता मुलगा गेला, तरी तिचा विश्वास ढळला नाही. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग तिचे गुडघे गेले. एकदा बसली की उठता येईना. माझंही अंग विरून गेलेलं, खालच्या फरशीचा गारठा मी कसा अडवणार? एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे उठून वेदीपाशी गेले. ही धडपडत गुडघ्यांवर येते तोवर भाकर आणि प्याले झाकूनही झाले. ती काही न घेताच घरी गेली.

पुढच्या रविवारी तिनं कमिटीच्या सेक्रेटरीला, रॉबिनला गाठलं. "बाळा, मला येक खुर्ची दे की रं. माझं प्रभुभोजन चुकतंय."

रॉबिन हसला. "रंगुमावशी, तुमी कशाला काळजी करता? तुमच्यासाठी देवानं वर सिंहासन ठेवलंय!"

आजूबाजूचेही हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या हातानं काही द्यायची वेळ आली की यांना बरोबर स्वर्ग आठवतो.

चर्चचा वर्धापनदिन आला. मंडपवाल्याकडून पाहुण्यांसाठी खुर्च्या आल्या. पहिल्या रांगेत पांढरी खोळ घातलेली एक, साखर कारखान्याच्या साहेबांची. साहेबांचा पत्ता नव्हता. पाळकांचं प्रवचन होतं तेही प्रतिफळावरच. ते संपत आलं तशी रंगुबाई भिंतीला धरून कशीबशी उठली आणि त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. आज तिला प्रभुभोजन चुकवायचं नव्हतं.

रॉबिन धावत आला. "मावशी, उठा! साहेब कवाबी येतील." दंड धरून त्यानं तिला परत माझ्यावर आणून बसवलं. पाळकांनी ते पाहिलं आणि गीतांचं पुस्तक उघडलं.

रंगुबाई रडली नाही. सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशी बोलली, "वरचं सिंहासन देवाच्या हातात हाय. त्ये मला मिळंल, त्याची काळजी न्हाई. तुमच्या हातात येवढी येकच खुर्ची हुती, आन् तीबी तुमाला देववली न्हाई."

गाणं सुरू झालं, माणसं तिला वळसा घालून वेदीकडे गेली. त्या दिवशीही तिला वेळेत उठता आलं नाही. साहेब आलेच नाहीत. खुर्ची शेवटच्या आमेनपर्यंत रिकामी होती.

आता रंगुबाई घरीच प्रार्थना करते. मला कुणी झटकत नाही, माझी कड उंदरांनी कुरतडली आहे. माझं एकच मागणं आहे. उद्या ती प्रभूकडे गेली की तुम्ही तिची स्मरणसभा घ्याल. विश्वासू बहिणीला तिचं प्रतिफळ मिळालं, असं म्हणून डोळे पुसाल. खुशाल म्हणा, ते खरंच असेल. पण माझ्यावर बसून म्हणू नका. त्याआधी मला उचलून बाहेर फेका.