नुसतं तपकिरी

मी एक जुनी, बंदुकीवर बसवायची दुर्बीण आहे. माझ्यातून चौपट मोठं दिसतं, ना कमी, ना जास्त. मित्रांनो, यात मिरवण्यासारखं काही नाही. माझा स्वभावच हट्टी आहे.

कारखान्यात माझ्या काचा बसवणाऱ्या बाईंचा हलका हात मला अजून आठवतो. तिथून मी अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या हॅल्वरच्या बंदुकीवर आले. घोड्यावरून पडले, बर्फात भिजले, पण माझा नेम ढळला नाही. दर हिवाळ्याआधी एक एल्क, म्हणजे चांगलं थोराड हरीण, घरी यायचं. मग हॅल्वर शर्टाच्या बाहीने मला हळूच पुसायचा. मला ते फार आवडायचं.

तो सत्तरीचा झाला तेव्हा त्याच्या बायकोने, सिग्नेने, मोठ्या हौसेने नवी दुर्बीण आणली. तिच्यावर एक कडं होतं. ते फिरवलं की तिपटीपासून नऊपटीपर्यंत हवं तेवढं मोठं दिसायचं. मला मोज्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं. मला रडू आलं असतं, पण माझ्या आत ओल शिरत नाही, मी तशीच बनलेली आहे.

शिकारीचा हंगाम संपत आला होता. एका दुपारी हॅल्वर रिकाम्या हाताने परतला. त्याने नवी दुर्बीण बंदुकीवरून काढली आणि टेबलावर ठेवली.

"एल्क अगदी समोर आला होता," तो म्हणाला. "इथून कुंपणाइतका जवळ."

"मग?"

"मग काय! नुसतं तपकिरी दिसलं. खांदा कुठे, मान कुठे, काही कळेना. बार काढलाच नाही मी. डोळे गेले माझे, सिग्ने. बंदूक विकून टाकू."

"आणि हिवाळाभर काय खायचं? तुझी बडबड?" ती म्हणाली.

तिने नवी दुर्बीण उचलली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. कुंपणापाशी त्यांची घोडी उभी होती.

"हॅल्वर, माझेही डोळे गेले."

"काय?"

"घोडी कुठे दिसतेय? नुसतं तपकिरी दिसतंय. अरे वेड्या, हे कडं बघ!"

कडं नऊवर होतं, त्यामुळे जवळचं जनावर काचेत मावतच नव्हतं. आदल्या दिवशी लांबचा डोंगर न्याहाळायला त्याने ते फिरवलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. हॅल्वर हसत सुटला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. "मी तर मनातल्या मनात आंधळ्याची काठीसुद्धा घेतली होती गं."

तेवढ्यात माझा खण उघडला. "हिला फिरवायला काही नाही," सिग्ने म्हणाली. "तुझ्यासारख्या विसरभोळ्याला हीच बरी."

मला परत बंदुकीवर बसवून, कागदाच्या निशाणावर नेम जुळवून आम्ही निघालो. हंगामाच्या शेवटच्या दिवशी पाइनच्या झाडीतून एल्क जवळच बाहेर आला आणि शिंगांपासून छातीपर्यंत माझ्यात मावला. एकच बार पुरला. हॅल्वरने बाहीने मला पुसलं.

नवी वाईट नव्हती बरं का. ती आता सिग्नेच्या सशांसाठीच्या छोट्या बंदुकीवर आहे, आणि सिग्ने कडं परत फिरवायला विसरत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा. पण घरातलं म्हातारं माणूस "आता मला जमत नाही" म्हणालं, तर लगेच मान डोलवू नका. त्याच्या हातात काय दिलंय, ते आधी एकदा स्वतःच्या डोळ्याला लावून बघा. सिग्नेने बघितलं, म्हणून हॅल्वर अजून डोंगरावर जातो.