वैशालीचं प्रमाणपत्र

सीताबाईंनी स्टुलावर चढून खिळ्यावरची फ्रेम उतरवली, काच पदरानं पुसली आणि सरळ सुकन्याच्या मांडीवर आणून ठेवली.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. मला वाचता येत न्हाय, पण ऐकाया बरं वाटतं."

सुकन्यानं चहाचा कप खाली ठेवला. हे मागायलाच ती दिघाशीहून टेमघरला आली होती, आणि ते असं न मागताच मांडीवर येऊन पडलं होतं.

"जिल्हास्तरीय शालेय कबड्डी स्पर्धा," तिनं वाचलं. "सतरा वर्षांखालील मुली. द्वितीय क्रमांक. कुमारी वैशाली गणपत भोईर."

"आमची सून," सीताबाई म्हणाल्या, जणू सुकन्याला ते माहीतच नव्हतं. "तुम्ही दोघी एका वर्गात ना? तू बी खेळायचीस काय गो?"

स्वयंपाकघराच्या दारात वैशाली उभी होती. हातात अर्धा चिरलेला कांदा. सुकन्यानं तिच्याकडे पाहिलं, तशी ती आत वळली.

"थोडं थोडं," सुकन्या म्हणाली.

थोडं थोडं! पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीचं वर्ष होतं. सुकन्याच्या शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आणि आधार कार्डावर दुसरी, म्हणून तिचं नाव कबड्डी संघाच्या यादीतच गेलं नव्हतं. यादी गेली आणि चार दिवसांत वैशालीला कावीळ झाली. यादीतलं नाव बदलता येत नव्हतं. मग कुमार सरांनी, म्हणजे शाळेच्या पी.टी.च्या सरांनी, वैशालीच्या ओळखपत्रावर सुकन्याचा फोटो चिकटवला. "नाव तिचं, पाय तुझे," ते म्हणाले होते. "शाळा तर एकच ना? मग झालं." सर वाईट नव्हते. त्यांना संघ न्यायचा होता, एवढंच. टेंपोत बसल्यापासून ते अधूनमधून हाक मारायचे, "वैशाली!" आणि सुकन्यानं वळायचं, असा सराव चालला होता. पहिल्यांदा तिला वळायला उशीर झाला, तर केवढे ओरडले होते. दोन दिवस ती वैशाली होती. मैदानाच्या कडेनं मुली किंचाळत होत्या, "वैशाली, वैशाली!" आणि ती पळत होती.

महिन्याभरानं एका सोमवारी प्रार्थनेनंतर नावं पुकारली. तोवर बरी झालेली वैशाली पुढे जाऊन प्रमाणपत्र घेऊन आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रांगेत उभ्या सुकन्यानंही वाजवल्या. न वाजवून करणार काय?

तेव्हा त्याचं काही वाटलंच नव्हतं, असं ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली होती. आता मात्र अडलं होतं. ती टीवाय बी.ए.ला होती आणि तिला बी.पी.एड. करायचं होतं, दोन वर्षांचं, शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर तोच रस्ता. प्रवेशाला खेळाचं प्रमाणपत्र हवं. शाळेतलं चाललं असतं, कॉलेजातलं चाललं असतं. कॉलेजात मुलींचा संघच नव्हता. पहाटे दिघाशीच्या रस्त्यावर ती एकटी धावायची, शनिवार-रविवार वळ गावच्या गोदामात खोकी स्कॅन करायची, आणि आयुष्यात खेळलेल्या एकमेव मोठ्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दुसरीचं नाव होतं. आता बोला!

कुमार सर निवृत्त झाले होते. त्यांनीच उपाय काढला. मूळ प्रमाणपत्र आण, वैशालीची सही आण, चूक माझी होती असं मी लिहून देतो, पुढचं शाळा बघेल. वैशालीनं ज्यावर सही करायची तो टाइप केलेला कागद सुकन्याच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होता. त्यात एकच वाक्य कामाचं होतं. 'सदर स्पर्धेत मी प्रत्यक्ष खेळले नव्हते.' कागद जमा करायची शेवटची तारीख उद्या होती.

"ती चढाई ठाव हाय का तुला?" सीताबाई खाली मांडी घालून बसल्या. "शेवटची दोन मिन्टं. समोर तिघी, आन् आमची एकटी. कोपऱ्यातलीच्या अंगठ्याला हात लावला, तसाच वळून मधलीच्या खांद्याला. तिसरीनं घोटा धरला. आडवी पाडली गो हिला! पर दम सोडला न्हाय. कबड्डी कबड्डी चालूच. खरडत खरडत गेली आन् दोन बोटं टेकवली रेषेला. तिघी बाद! लोण!"

सुकन्या ऐकत राहिली. अंगठा, खांदा, दोन बोटं, सगळं जसंच्या तसं. ही चढाई तिनं जन्मात एकाच माणसाला सांगितली होती. स्पर्धेहून आल्यावर ती उसाचा रस घेऊन वैशालीकडे गेली होती आणि पिवळ्या पडलेल्या वैशालीच्या खाटेवर बसून तासभर हातवारे करून बोलत होती. घरी तर तिनं, कोपर सोललं ते सायकलवरून पडले म्हणून, असं सांगितलं होतं. वैशालीनं एक शब्दही गाळला नव्हता.

"आलेच मी, पाणी घेते," म्हणून ती उठली.

स्वयंपाकघरात वैशाली कांदा चिरतच होती. खरं तर चिरून झाला होता, ती त्याचाच आणखी बारीक चुरा करत होती.

"कागद आणलायस ना?" तिनं मान वर न करता विचारलं. "सरांचा फोन आलेला मला."

"आणलाय."

"दे. करते सही." तिनं हात धुतले, पुसले, परत पुसले. "फक्त आज आईंसमोर नको. मी सांगीन नंतर. सांगीनच."

सुकन्यानं फोल्डर उघडलं नाही.

"इतकं सगळं त्यांना सांगायची काय गरज होती गं?" ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून कडू निघाला. "माझा घोटासुद्धा सोडला नाहीस."

बाहेर सीताबाई फ्रेम परत खिळ्यावर अडकवत होत्या, स्टूल कुरकुरलं.

"बघायला आले तेव्हा यांना ग्रॅज्युएट मुलगी पाहिजे होती," वैशाली हळू बोलली. "मी दहावी, आणि तीसुद्धा खेळाचे गुण मिळाले म्हणून सुटले. सगळे उठायलाच लागले होते. आईंनी भिंतीवर ते बघितलं, काय आहे विचारलं. म्हणाल्या, खेळलेली पोर हाय, हिच्यात दम असंल, हीच करायची. मग रोज विचारायच्या, सांग ना कशी खेळलीस. काय सांगणार मी? मला तुझीच चढाई पाठ होती." तिनं कांद्याचा चुरा ताटलीत भरला. "आता त्यांनी गल्लीतल्या पोरी जमवल्यात. बारा जणी. घरोघर जाऊन भांडल्यात त्यांच्या आयांशी, आमची सून शिकवील म्हणून. मला वॉर्म-अप तेवढा येतो, सुकन्या. चार महिने तोच घेतेय."

सुकन्याला हसू आलं आणि त्याच वेळी इतका राग आला की ती फ्रेम उचलून सरळ पळत सुटावं असं तिला वाटलं. तिचं होतं ते. तिचं एकमेव. आणि ते घेतलं तर ह्या घरात वैशालीचं काय उरणार, हे तिला इथं येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

"ए पोरींनो!" बाहेरून हाक आली. "पाच वाजलं. चला, पोरी आल्या असतील. तुझ्या मैत्रिणीला बी दाखव की!"

मैदान कसलं, यंत्रमागांच्या दोन शेडच्या मधली मोकळी जागा. दोन्ही बाजूंनी यंत्रांची खटखट चालू होती. पण पांढऱ्या फक्कीच्या रेषा नीट आखल्या होत्या, त्या सीताबाईंनी स्वतः आखलेल्या, वीत लावून मोजून. बारा मुली आल्या होत्या. कुणी ट्रॅक पँटमध्ये, कुणी सलवार वर खोचून. वैशालीनं शिट्टी वाजवली आणि सगळ्या गोल धावायला लागल्या. हात वर, हात खाली, जागेवर उड्या. मग पुन्हा शिट्टी, पुन्हा गोल.

"ताई, रोज राउंडच," एक उंच मुलगी थांबून म्हणाली. मृणाली तिचं नाव. "आज घोट्याची पकड शिकवणार म्हणाला होतात."

"हो, घेऊ," वैशाली म्हणाली. "अजून एक राउंड."

मुलींनी तोंडं वाकडी केली. एकीनं दुसरीच्या कानात काही सांगितलं आणि दोघी हसल्या. सुकन्यानं ते पाहिलं. वैशालीनंही पाहिलं. शिट्टी तिच्या ओठांतच होती, पण तिला ती वाजवता येईना.

सुकन्यानं ओढणी कमरेला बांधली.

"मावशी, हे जरा धरता?" तिनं फोल्डर सीताबाईंच्या हातात दिलं.

"नुसता हात टाकायचा नाही," ती मुलींपुढे जाऊन म्हणाली. "आधी तिची नजर बघायची. ती ज्या बाजूला बघत नाही, तिकडे जाणार. गुडघा टेक. तू, इकडे ये. घोट्याच्या मागून हात, अंगठा आत. आता ओढू नकोस, उचल."

अर्धा तास कसा गेला ते कुणाला कळलं नाही. ज्या पोरी मगाशी कंटाळून जांभया देत होत्या त्या धुळीत लोळत होत्या, भांडत होत्या, "ताई मी, ताई मी" करत होत्या. सुकन्याचा आवाज चढला होता. असा आवाज आपल्याकडे आहे हे तिला माहीत नव्हतं.

"आणि पकडल्यावर सुटायचं कसं?" मृणालीनं विचारलं.

"तिघी उभ्या राहा. धरा मला. खरंच धरा, लाजू नका."

ती मध्यरेषेवरून आत शिरली. कोपऱ्यातली मुलगी जरा पुढे आली, तिच्या अंगठ्याला हात लागला. वळता वळता मधलीचा खांदा. मग मृणालीनं घोटा धरला, नुकताच शिकवला तस्सा, अंगठा आत. सुकन्या आडवी पडली. कबड्डी कबड्डी थांबलं नाही. ती कोपरावर खरडत गेली, एक फूट, अर्धा फूट, आणि दोन बोटं फक्कीवर टेकली.

मुली ओरडायला लागल्या. ती उठून बसली तेव्हा तिची नजर कडेला गेली. सीताबाई फोल्डर छातीशी धरून उभ्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या. त्यांनी सुकन्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. वैशाली हातातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"ताई, तुम्ही कुठं खेळलात?" मृणालीनं विचारलं.

"शाळेत."

"कॉलेजात नाही?"

"आमच्या कॉलेजात मुलींचा संघ नाही." तिनं कॉलेजचं नाव सांगितलं.

"मी पण तिथंच आहे! एफवायला. आणि ही पण. आम्हाला कुणी विचारलंच नाही कधी."

"सात जणी लागतात," सुकन्या म्हणाली. "पुढच्या वर्षी मी असेन. एम.ए.ला. तेव्हा बघू."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं की आपण काय बोललो. म्हणजे उद्याची तारीख सोडली, एक वर्ष गेलं. गोदामाची ड्युटी आणखी एक वर्ष, आईची बोलणी आणखी एक वर्ष, आणि सात जणी मिळतील की नाही कुणास ठाऊक. तिनं गुडघ्यांवरची माती झटकली. वैशाली जवळ आली.

"तो कागद..." वैशाली म्हणाली.

"राहू दे," सुकन्या म्हणाली. "उद्या पकडच घे. परवा बोनस. मी फोन करून सांगते कसं ते."

वैशालीनं मान हलवली. मुली पुन्हा तिच्याभोवती गोळा झाल्या, आणि सुकन्या एकटीच चपला शोधायला गेली.

रिक्षा स्टँडपर्यंत सीताबाई तिच्याबरोबर आल्या. नको म्हटलं तरी आल्या. रस्ता ओलांडताना त्यांनी तिचा हात धरला. पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. तिच्या कोपराला माती लागली होती. सीताबाईंनी पदराचं टोक घेतलं आणि ती पुसायला लागल्या, मघाशी काच पुसली तशीच, सावकाश. माती निघाली. खालचा जुना व्रण निघाला नाही, लांबट, पांढरा. त्यावर त्यांचा अंगठा थांबला.

"लय लागलं हुतं काय गो तवा?"

पाच वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कुणी विचारणार कसं? सुकन्यानं 'काहीच नाही' असं म्हणायला तोंड उघडलं.

"हो मावशी," ती म्हणाली. "खूप लागलं होतं."

सीताबाईंनी मान डोलावली. फोल्डर तिच्या हातात दिलं. आत काय आहे ते विचारलं नाही.

"एक सीट, एक सीट, चलो!" रिक्षावाला ओरडला. सुकन्या कडेला अंग चोरून बसली. रिक्षा सुरू झाली. शेडमधली खटखट मागे पडत होती, तेवढ्यात त्या खटखटीच्याही वर, अख्ख्या रस्त्यानं वळून बघावं अशा आवाजात सीताबाईंनी हाक मारली.

"सुकन्याऽऽ! नीट जा गो!"

सुकन्या लगेच वळली.