सोमवारचा ढीग

ईरप्पाने डाव्या हाताने बुंदी कुत्रीचा जबडा फाकवून धरला होता आणि उजव्या हाताची दोन बोटं तिच्या घशात घातली होती. आधी दह्यात लडबडलेलं कण्हेरीचं पान निघालं, मग आंबूस पिवळी लाळ, मग अर्धवट चावलेलं धोत्र्याचं बोंड. शेवटी बुंदी भडाभडा ओकली ती त्याच्या लेंग्यावरच.

"वक. आनि वक," तो म्हणाला. "समदं भाईर येऊ दे."

कुंपणापाशी उभे राहून आम्ही बघत होतो. कुणीतरी "शी!" म्हणालं. कुत्रीच्या ओकारीला शी, आणि ती ओकारी जिथून आली त्या ढिगाला मात्र रोज नमस्कार!

तो ढीग आमचाच. कसबा बावड्याच्या आमच्या नव्या कॉलनीत महादेवाचं देऊळ बांधलं, तेव्हा अभिषेकाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ ईरप्पाच्या परसाकडे निघाली. महादेवाची पन्हळ ओलांडायची नसते, प्रदक्षिणा तिथूनच माघारी फिरवायची, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. निर्माल्यही पायदळी येता कामा नये. मग आम्ही अक्कल लढवली. पन्हळीपलीकडे कुणाचा पाय पडत नाही ना, मग भिरकावा तिकडेच! आणि पलीकडे कुणी जायचं नाही म्हणजे झाडायलाही कुणी जायचं नाही. श्रावणी सोमवारी बेल, कण्हेर, धोत्र्याची बोंडं आणि वरून पंचामृताचा लगदा. मंगळवारी आंबट वास सुटायचा, बुधवारी त्यात अळ्या वळवळायच्या. आम्ही नाकाला पदर, रुमाल लावून हात जोडायचो. आमची भक्ती ही अशी, देवळाच्या फरशीपुरती स्वच्छ.

कुत्रीला निर्माल्य कुठलं कळायला? दूध-मधाचा वास आला की ती ढिगावर.

ईरप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. बायको रुद्राणी सीमेपलीकडची. घरात दोघं कानडीतच बोलायची. ती गेली आणि तिने आणलेली ही ठिपक्याठिपक्यांची बुंदी मागे राहिली. 'बा इल्ली' म्हटलं की जवळ यायची, 'बेड' म्हटलं की थांबायची. आमच्याशी ईरप्पा कामापुरतं मराठी बोलायचा. संध्याकाळी पायरीवर बसून तो कुत्रीला कानडीत बरंच काही सांगत असायचा. त्या घरात त्याची भाषा समजणारं तेवढंच एक उरलं होतं.

त्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात सलाइन लावलं आणि बुंदी वाचली. डॉक्टर म्हणाले, "अण्णा, कण्हेर आणि धोत्रा दोन्ही विषच. म्हातारी कुत्री आहे, पुन्हा खाल्लं तर काही खरं नाही. श्रावणात सांभाळा."

ईरप्पा तडक देवळाच्या केरबातात्यांकडे गेला. तात्या मंडळाचे अध्यक्ष.

"तात्या, ढीग हलवा तितनं. इख हाय त्यात, माझी कुत्री मरंल."

"देवाच्या फुलाला इख म्हंतोस व्हय रं? लिंगायत असून? कुत्री बांधून ठेव की!"

"बांधली की ती रातध्याड रडतीया."

"मग रडू दे."

ईरप्पा घरी परतला. पुढच्या सोमवारपासून तो सकाळीच घमेलं घेऊन ढिगाशी उभा राहू लागला. घर त्याच बाजूला असल्याने त्याला पन्हळ ओलांडावी लागत नव्हती. टाकलं की उचलायचं, परसातल्या खड्ड्यात पुरायचं, वर चुना आणि माती. चिकट दही त्याच्या कोपरापर्यंत ओघळायचं, तोंडावर माश्या बसायच्या.

आणि आम्ही काय केलं? भारावून गेलो! बयाबाई, महिला मंडळाच्या पुढारी, घरोघर सांगत सुटल्या, "काय भक्ती वं अण्णांची! देवाचं समदं हातानं उचलतोय मानूस!" मग लोक घरच्या देव्हाऱ्यातलं निर्माल्यही पिशव्या भरभरून त्याच्या दारात ठेवू लागले. आयता माणूस मिळाला होता. ईरप्पा तेही पुरायचा, कारण पिशवीत कण्हेर असायचीच.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. तो नको नको म्हणत होता.

"मला ढिगाकडं बघू द्या."

"आज ऱ्हाऊ द्या की तो ढीग! मान घ्या," म्हणून केरबातात्यांनी त्याला दंडाला धरून स्टेजवर बसवलं. बुंदीला घरात कोंडून, फाटकाला कडी लावून तो आला होता. पण महाप्रसादाच्या भाताला पाणी कमी पडलं, तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी त्याच्या मोरीतल्या नळावरून कळशी भरून आणली. दार उघडं टाकलं, फाटकही. इकडे तात्या माइकवर निष्काम सेवेवर बोलत होते. शाल, श्रीफळ, टाळ्या.

ईरप्पा घरी गेला तेव्हा बुंदी पायरीवर आडवी पडलेली होती. तोंडाला फेस, मिशांना दही. या खेपेला त्याने बोटं घातली, तरी काही बाहेर आलं नाही.

बुधवारी वास असह्य झाला, तशा बयाबाई त्याच्याकडे गेल्या. तो पायरी धूत होता.

"अण्णा, बरं न्हाय व्हय? ढीग तसाच पडलाय. लई घान सुटलीया."

"बुंदी मेली. तुमचा ढीग खाऊन."

"अगं बाई." बयाबाईंनी ढिगाकडे पाहिलं. "मग कवा उचलताय?"

"म्या तिच्यासाठनं उचलत हुतो."

"कुत्रीसाठनं? आनि आमी समजत हुतो देवासाठनं!"

"देवाला इख पचतंय, बाई. तिला न्हाय पचलं."

बयाबाईंचं तोंड आंबट झालं. आपण फसवले गेलो असं त्यांना वाटत असावं. "मग आमच्या मंडळाची शाल कशी घेतलीसा?" त्या म्हणाल्या. "ती परत द्या."

"ती खड्ड्यात हाय," ईरप्पा म्हणाला. "तिच्या अंगावर घातलीया."

बयाबाई नाकाला पदर लावून, थुंकत निघून गेल्या. ईरप्पाने बादली उचलली आणि पायरीवर आणखी पाणी ओतलं.