कार्डाची रिकामी जागा

स्पर्धेसाठी पाचच्या आत फिल्म पाठवायची होती आणि ताईच्या कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर! पंखे गरगरत होते, दिवा लागत होता, पण दिसत काहीच नव्हतं. कॉम्प्युटरचा डबा उघडून बघते तर पडद्यावर चित्र आणणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी.

तिनं भावाला फोन लावला. "माझं कार्ड नेलंस?"

"मित्राकडे गेम खेळायला नेलंय गं. तुझ्या प्रोसेसरमध्ये असतंच की ग्राफिक्स, त्यावर भागव!"

"नाहीये त्यात, शहाण्या! प्रोसेसर निवडताना तूच म्हणालास ना, कार्ड आहे तर आतलं कशाला हवं?"

"आलोच!" म्हणत त्यानं फोन ठेवला.

साडेचार वाजले होते. तिनं डिस्क काढून आईच्या जुन्या लॅपटॉपला जोडली. वेगळं कार्ड नसलेल्या, आतल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या त्या खटाऱ्याला ती एरवी हसायची. फिल्म उघडली खरी, पण शेवटचं दृश्य तयार व्हायला लॅपटॉपनं नऊ तास मागितले.

डोळे पुसत तिनं ते दृश्य कापलं आणि उरलेली, आधीच तयार असलेली फिल्म पाठवली.

सव्वापाचला भाऊ धापा टाकत दारात उभा राहिला, कार्ड छातीशी धरून. "गेली ना फिल्म?"

"गेली," ती म्हणाली, "शेवट सोडून."