आईची शेवटची ट्रिप

सगळे नातेवाईक त्याला सवलतराव म्हणत. नाव ताईनं ठेवलेलं, टोमणा म्हणून. पण त्याला ते पदवीसारखं वाटायचं. माणूस फ्रिज-एसी दुरुस्त करणारा, मात्र परदेशात उतरायचा तो थेट पंचतारांकित हॉटेलात. कसं? तर गर्दीचा हंगाम संपला की जायचं, सगळ्यात स्वस्त खोली घ्यायची आणि काउंटरवर पोचलं की तोंड उघडायचं. तोंड उघडायला काय पैसे पडतात? एकाच बायकोबरोबर त्यानं तीन देशांत हनिमून साजरा केला होता. दर वेळी वरच्या मजल्यावरची खोली, दर वेळी केक. आणि फुकटचा नाश्ता इतका उशिरा, इतका दाबून करायचा की दुपारच्या जेवणाची फिकीरच नको.

यंदा बायकोनं कोपरापासून हात जोडले. "मला आता पुन्हा नवी नवरी व्हायचं नाही. त्या काउंटरवरच्या पोरी गालातल्या गालात हसतात. तुला नसेल लाज, मला आहे." पण ऑफर दोघांची होती आणि पैसे परत मिळणार नव्हते. मग दुसरी जागा वाया कशी घालवायची? आईला नेलं.

आई बिचारी हरखून गेली. गुडघे कुरकुरत होते तरी जिना चढून वरच्या शेजारणीला सांगून आली, "मुलगा नेतोय मला." विमानात पाय आखडले तेव्हा मात्र वैतागली. "ही माझी शेवटचीच ट्रिप हो! पुन्हा एवढ्याशा खुर्चीत कोंबून घ्यायला मी येणार नाही."

सवलतरावानं ते ऐकलं मात्र, त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली.

हॉटेलात आई लांब सोफ्यावर टेकली होती. यानं काउंटरवर मोडक्यातोडक्या भाषेत एवढंच सांगितलं, की आईची ही शेवटची ट्रिप आहे. आणि आवंढा गिळला. आता यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा! शब्द आईचेच. वाक्याचा पुढचा भाग तेवढा त्यानं खाऊन टाकला.

काउंटरवरच्या मुलीचे डोळे भरून आले. समुद्राकडची खोली मिळाली. खोली कसली, त्याच्या अख्ख्या घराहून मोठी! मागोमाग चाकांची खुर्ची आली, फुलं आली. "माझ्यासाठी? चुकून आणली असतील," आई म्हणाली. "इथे असंच असतं," तो म्हणाला आणि बाथटबचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आचारी स्वतः टेबलापाशी आला आणि आईशेजारी चक्क गुडघ्यावर बसून तिला काय आवडतं ते खुणांनी विचारू लागला. मग खोली आवरणारी बाई आली. चादर बदलता बदलता ती थांबली, आईचे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटली आणि डोळे पुसत बाहेर गेली. आईला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यानंतर ती गप्प झाली. नाश्त्यालाही तिनं नुसतं चहात बिस्कीट बुडवलं होतं, तेव्हा सवलतराव हळहळला होता. आईसाठी नाही हो, नाश्ता वाया गेला म्हणून.

दुपारी तो पोहून वर आला, तर आई बाल्कनीत बसलेली. हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून मांडीवर ठेवलेल्या. साबण लावून ओढून काढल्या असणार. मनगट लालबुंद झालं होतं.

"बस इथे," ती म्हणाली. "एक ताईला दे, एक सुनेला. भांडू नका म्हणावं."

"हे काय काढलंस आता?"

"लपवू नकोस रे बाळा. तुझे बाबा गेले, त्याआधी लोक त्यांच्याशी अस्सेच वागायचे. मऊ मऊ बोलायचे, हात धरायचे. माझ्या गुडघ्याचा रिपोर्ट तू आणलास, मला दाखवलासुद्धा नाहीस. काय निघालं ते नकोच सांगू. फार दुखेल का, एवढंच सांग."

रिपोर्टमध्ये गुडघ्याच्या झिजेपलीकडे काही नव्हतं. आळसानं तो स्कूटरच्या डिकीत पडून राहिला होता.

"आई, तुला काहीही झालेलं नाही."

"बरं," तिनं समजूतदारपणे मान हलवली. "बाबांना मीही हेच सांगायचे."

आता मात्र त्याचे धाबे दणाणले. पूर्ण खरं सांगितल्याशिवाय हिची सुटका नव्हती. इतक्या काउंटरांवर घडाघडा बोललेल्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटली.

"मीच खाली सांगितलं, तुझी शेवटची ट्रिप म्हणून. त्यांना तसं वाटलं... म्हणजे, वाटावं म्हणूनच सांगितलं. त्यानं चांगली खोली मिळते. बाकी काही नाही गं. देवाशपथ."

आई बघतच राहिली. कार्ट्या म्हणावं, एक ठेवून द्यावी, काहीही चालेल, असं त्याला वाटलं.

"खोलीसाठी?"

"हो."

"म्हणजे मी बरी आहे."

"ठणठणीत."

तिनं मोठ्ठा श्वास सोडला. हसली, मग रडली, मग तळव्यांनी तोंड पुसलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "पण एका बाईनं हात धरला म्हणून तू थेट एवढा विचार केलास?"

"छे रे, त्या बाईचं नंतरचं." आवाजात राग नावाला नव्हता. "तू मला नेतो म्हणालास ना, त्याच दिवशी मनात पाल चुकचुकली. म्हटलं, आपला लेक आपल्यावर एवढा खर्च करतोय, म्हणजे आपलं काही खरं नाही."

मग तिनं हात पुढे केला. "घाल परत."

सुजलेल्या हातावरून बांगडी चढेना, आणि तिच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत होईना. तो खाली मान घालून बांगडी लोटत राहिला.