चेंडू बाहेर होता

मिसेस हॅमंडचा फोन आला तेव्हा मी हाताला लिंबू चोळत होते. ग्रिम्स्बीच्या मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं हॅडॉक कापल्यावर हाताचा वास फक्त लिंबानेच जातो, आणि तोही पुरता जात नाही.

"मॉरीन," बाई म्हणाल्या. त्यांनी मला नावाने हाक मारायची ही पहिलीच वेळ. "आपल्या शेलीला विचाराल का? टेनिस क्लबची दोन नवी कोर्टं तिच्या हस्ते उघडावीत, अशी सगळ्यांची फार इच्छा आहे."

आपल्या शेलीला म्हणे. अकरा वर्षांपूर्वी याच तोंडाने बाई तिला 'ती खोटारडी मुलगी' म्हणाल्या होत्या. आता माझ्या पोरीने विम्बल्डनला चौथी फेरी गाठली, पेपरात फोटो आला, तशी ती आपली झाली. मी फोनवर "सॉरी, विचारून कळवते" म्हटलं. सॉरी का म्हटलं ते मला विचारू नका. आमच्याकडे पाय कुणाचाही कुणावर पडो, दोघंही सॉरी म्हणतात, आणि मी तर खुर्चीला धडकले तरी म्हणते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. शेली तेरा वर्षांची होती. जिल्ह्याची अंतिम फेरी एल्मफील्ड क्लबात होती, आणि समोर मिसेस हॅमंडची इमोजेन. मुलांच्या सामन्यांत पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे ज्याचं त्याने सांगायचं, आणि शंका असली तर आत म्हणायचं. सगळा कारभार इमानावर. स्पर्धेच्या प्रमुख म्हणून मिसेस हॅमंड चहाच्या टेबलामागे बसल्या होत्या. मी डाव्या कोपऱ्याच्या मागे, घडीच्या खुर्चीवर.

शेलीला फक्त एक गुण हवा होता. तो मिळाला की सामना तिचा. इमोजेनचा फटका डाव्या कोपऱ्यात आला आणि रेषेच्या तीन बोटं पलीकडे पडला. शेलीने बोट वर केलं, "बाहेर" म्हणाली आणि हात मिळवायला जाळीकडे धावली. इमोजेनने हात पुढे केला नाही. ती आईकडे बघत राहिली. आई कप खाली ठेवून आली आणि म्हणाली, "चेंडू आत होता. मी पाहिलाय. खेळ पुढे चालू करा." चाळीस पावलांवरून पाहिला होता बाईंनी. उंदराला मांजर साक्ष.

शेली माझ्याकडे वळली. "आई, तू इथेच होतीस. तू बघितलंस ना?"

मी बघितलं होतं. तीन बोटं, स्वच्छ. पण प्रेक्षकांनी बोलायचं नाही असा नियम आहे, आणि तो नियम त्या क्षणी माझ्या मदतीला धावून आला. शिवाय आसपासच्या पन्नास मैलांत छपराखालची कोर्टं एकट्या एल्मफील्डची. हिवाळ्यात पोर खेळणार कुठे? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं मी स्वतःला समजावलं. तोंडाने म्हणाले, "सॉरी, मला नीट दिसलं नाही."

शेली तो सामना हरली. दुसऱ्या दिवशी क्लबचा निरोप आला की मुलीने माफीचं पत्र लिहावं, नाहीतर कोर्ट मिळणार नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तिला बसवलं आणि मजकूर सांगितला. 'माझ्याकडून चुकीचा निर्णय दिला गेला. चेंडू आत होता. मी दिलगीर आहे.' ती दोनदा पेन खाली ठेवून उठली. दोन्ही वेळा मी तिला खांद्याला धरून परत बसवलं. ते पत्र क्लबच्या फळ्यावर, गवत कापायच्या पाळ्यांच्या यादीशेजारी, महिनाभर टाचलेलं होतं. आणि एवढं नाक घासूनही जिल्ह्याच्या संघातून तिला काढलंच. मुलीचा स्वभाव खेळाला शोभत नाही, असं कारण दिलं.

त्या दिवसापासून मी मिसेस हॅमंडवर दात धरला. कारखान्यात सुरी चालवताना दर माशाला त्यांचंच तोंड दिसायचं. हे काही चांगलं नाही, पण खरं आहे, आणि सुरीला धार छान राहायची.

शेली सार्वजनिक बागेतल्या फुटक्या डांबरी कोर्टावर खेळू लागली. कारखान्यातली पाळी सुटली की मी अंगाला माशाचा वास घेऊन जायची आणि बादलीतले चेंडू एकेक करून तिच्याकडे टाकायची. तडे गेलेल्या जमिनीवर चेंडू कसाही उसळतो, त्यामुळे तिचे पाय असे झाले की पुढे कुठल्याही कोर्टावर ती फसली नाही. पंधराव्या वर्षी नॉटिंगहॅमच्या एका प्रशिक्षकाने तिला हाताखाली घेतलं. मग बसगाड्या, स्वस्त खोल्या, श्रूसबरी, सन्डरलंड, ट्युनिशिया, पोर्तुगाल. रिकाम्या बाकांसमोर खेळून आणि स्वतःचे कपडे बेसिनमध्ये धुऊन ती वर चढत गेली.

आणि दर वेळी जागतिक क्रमवारीत मोठी उडी मारली की ती एल्मफील्डच्या सेक्रेटरीला पोस्टकार्ड टाकायची. एका बाजूला ती खेळत असेल त्या गावाचं चित्र, दुसऱ्या बाजूला फक्त आकडा. ८१२. मग ४५५. २०३. ९७. ना नाव, ना शुभेच्छा.

मला ते कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटी हसले. काय पोरगी आहे. प्रत्येक आकडा म्हणजे त्या बाईंच्या गालावर एक चपराक, असं मी धरून चालले. आणि एल्मफील्डवाल्यांनी काय केलं? त्यांना वाटलं, पोरगी आठवण काढते. सगळी कार्डं त्यांनी कौतुकाने फळ्यावर टाचली. अशा लोकांना चपराकही कुरवाळल्यासारखी लागते.

माझ्याशी ती नीट वागायची. दर रविवारी फोन. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, कारखान्यात काय नवीन. त्या सामन्याचा विषय तिने अकरा वर्षांत काढला नाही, मीही नाही. विम्बल्डनला तिने मला तिकीट पाठवलं. तिच्या माणसांच्या राखीव जागेत प्रशिक्षक बसला होता, मालिशवाली बसली होती. माझी जागा समोर, वरच्या रांगेत. "तू तिथेच बस, आई," ती म्हणाली. "तिथून तुला नीट दिसेल." किती काळजी करते, असं मला वाटलं. शेजारच्या बाईला मी तसं सांगितलंसुद्धा.

तर मिसेस हॅमंडचा निरोप मी शेलीला दिला. मला वाटलं, ती फोन आपटेल.

"येते म्हणावं," ती म्हणाली. "फक्त एक अट. इमोजेनशी एक सामना. पंच नको. जुन्या नियमाने, आपापला चेंडू आपण सांगायचा."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय. तू ये म्हणजे झालं."

मी ओळखलं, पोरगी उट्टं काढणार. तो सबंध आठवडा मला भूक लागली नाही. शनिवारी मी निळा झगा घातला आणि हात तीनदा लिंबाने धुतले.

सप्टेंबरातला शनिवार होता, भुरभुर पाऊस येऊन गेलेला. नवी कोर्टं लाल मातीची, म्हणजे चेंडू पडला की खूण उमटणारी. दीडशेएक माणसं, काकडीचे सँडविच, चहाची मोठी किटली. क्लबघरात मानाच्या पाटीवर सोनेरी अक्षरात शेलीचं नाव लिहायला रंगारी ब्रश घेऊन बसला होता. मिसेस हॅमंड मोत्यांची माळ घालून दारातच उभ्या. "ही आमची शेली," त्या प्रत्येकाला सांगत होत्या. "इथेच घडली हो. पहिल्यापासूनच जिद्दी."

शेलीने त्यांच्याशी हात मिळवला. मग एक घडीची खुर्ची स्वतः उचलली आणि डाव्या कोपऱ्याच्या मागे नेऊन मांडली.

"तू इथे बस, आई. इथून नीट दिसतं."

मी बसले. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

इमोजेन आता घरं विकते, आणि सलग चार वर्षं क्लबची विजेती आहे. वाईट खेळत नाही. पण शेलीसमोर तिचे फटके रेषेबाहेर जाऊ लागले. आणि शेलीने नवीनच सुरू केलं. बाहेर पडलेला चेंडूही ती खेळायची. हातभर बाहेर पडला तरी बोट वर नाही, चेंडू परत पलीकडे, आणि पुढच्या फटक्याला गुण तिचा. पहिल्या दोन वेळा लोक कौतुकाने हसले. केवढं मोठं मन, असं कुणीतरी म्हणालं. सहाव्या-सातव्या वेळी हसू थांबलं.

"शेली, तो बाहेर होता," इमोजेन म्हणाली. तिचा चेहरा कोर्टासारखा लाल झाला होता.

"शंका असली तर आत म्हणायचं," शेली म्हणाली. "मला इथेच शिकवलंय ते."

"शंका कसली त्यात? सगळ्यांना दिसलं."

"असं? इथल्या लोकांना दिसतं का?"

पहिला सेट सहा-शून्य. दुसरा पाच-शून्य. मी खुर्चीवर बसून एकेक गुण खडीसाखरेसारखा चघळत होते. मिसेस हॅमंडची मान दर गुणाला थोडी खाली जात होती आणि माझी वर. एवढ्यासाठी तर मी अकरा वर्षं जगले, असं मला वाटत होतं.

मग शेवटचा गुण. इमोजेनने जीव खाऊन मारला आणि दिवसातला तिचा सगळ्यात चांगला फटका गेला. चेंडू डाव्या कोपऱ्यात, रेषेच्या चांगला वीतभर आत पडला. लाल मातीत खूण उमटली. माझ्या बुटापासून चार पावलांवर. शेली जागची हलली नाही. तिने चेंडू जाऊ दिला आणि बोट वर केलं.

"बाहेर."

ती खूण तिथे होती, सगळ्यांना दिसत होती. इमोजेन खुणेकडे बघत होती, मग आईकडे. सेक्रेटरीने कपात डोळे घातले. आणि मिसेस हॅमंडनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांच्यामागून सगळ्यांनी वाजवल्या.

"छान, छान. दोघीही फार सुंदर खेळलात. चला, चहा गार होतोय."

"मिसेस हॅमंड," शेली म्हणाली, "तुम्ही बघितलात ना चेंडू?"

"हो बाळा. बाहेरच होता."

"नक्की?"

"अगदी स्पष्ट दिसलं मला."

"ममा, काय बोलतेस तू?" इमोजेन हळूच म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. त्या हसत होत्या, पण हाताने माळ गच्च धरली होती. बरी सापडली. ज्या तोंडाने खरं बोलणाऱ्या पोरीला खोटारडी म्हटलं, त्याच तोंडाने आज तिच्या खोट्याला होकार भरतेय, आणि तोही दीडशे माणसांत. मला उठून नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात शेली माझ्याकडे वळली.

"आई, तू इथेच होतीस. तू बघितलंस ना?"

अक्षरन्‌अक्षर तेच शब्द. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. सवयच ती. पोरीचा चेहरा बघितला आणि मला सगळं एकदम कळलं. विम्बल्डनची ती वरची रांग, रविवारच्या फोनवरची हवा, ही घडीची खुर्ची. इतकी वर्षं मी मिसेस हॅमंडची बरी जिरणार म्हणून वाट बघत होते, आणि पोरीच्या यादीत पहिलं नाव माझं होतं.

"आत होता," मी म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं परत म्हणाले. "शेली, चेंडू आत होता. वीतभर. तू खोटं बोललीस."

"हो," ती म्हणाली. "आणि त्या दिवशीचा?"

"बाहेर होता. तीन बोटं."

"मिसेस ड्रूरी," मिसेस हॅमंड पुढे आल्या, "इतक्या वर्षांनी चारचौघांत तमाशा करायलाच हवा का?"

"करायलाच हवा," मी म्हणाले. "तेव्हा केला नाही, म्हणून आता करायला हवा. तुम्ही खोटं बोललात. आणि मी गप्प बसून ते खरं केलं."

मी क्लबघरात गेले. फळ्यावर शेलीची पोस्टकार्डं ओळीने टाचलेली होती. गवत कापायच्या पाळ्यांची यादी मी काढली, तिच्या पाठीवर रंगाऱ्याच्या पेन्सिलीने लिहिलं, 'चेंडू बाहेर होता. मी पाहिला होता. मॉरीन ड्रूरी.' आणि जिथे पोरीचं पत्र महिनाभर लटकलं होतं तिथेच तो कागद टाचला. रंगाऱ्याचा पाटीवर 'शे' काढून झाला होता. शेलीने त्याला हाताने थांबवलं.

"ते पुसा," ती म्हणाली. "माझं नाव या भिंतीवर एकदा लागलंय. पुरे झालं."

मग ती फळ्यासमोर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. कागद वाचला. परत वाचला. मला वाटलं, आता ती माझा हात धरेल.

"एक शब्द राहिला," ती म्हणाली.

दिवसातून पन्नास वेळा तो शब्द माझ्या तोंडून पडतो. खुर्चीला, दाराला, बसमधल्या अनोळखी माणसाला, त्या हॅमंडबाईला. पोरीला मी तो अकरा वर्षांत एकदाही मनापासून म्हटला नव्हता. मी पेन्सिल परत घेतली. अक्षर लहान मुलासारखं आलं. शेली खांद्यावरून बघत होती आणि तिने मला अजिबात घाई केली नाही.